दारूखान्याहून आलेला बावटा

सकाळी ६
दिवाळी सरली की यवतमाळची हवा कोरडी होते. माझ्या संग्रहातले जहाजांचे जुने लोकरी बावटे उघडायला हेच दिवस चांगले. पावसाळ्यात लोकरीला कसर लागते. कापडदुकानातून आणलेल्या पुठ्ठ्याच्या नळ्यांवर ते गुंडाळलेले असतात. घडी घातली तर कापड घडीवरच फाटतं.

सकाळी १०
मुंबईच्या दारूखान्यातून पार्सल आलं. तिथं जहाजं मोडतात. २०१४ साली जुनी विमानवाहू नौका ‘विक्रांत’ही तिथंच मोडली. लोखंडाला भाव मिळतो, बावटे चिंध्यांत जातात. व्यापाऱ्यांना माझं एकच सांगणं असतं: धुऊ नका, फाटलेलं शिवू नका. दोरीकडची कड शाबूत आणि वाऱ्याकडची झिजलेली असेल, तर तो बावटा खरोखर फडकलेला आहे. ती झीज मला नव्या कोऱ्या रंगापेक्षा मोलाची वाटते.

दुपारी १२
निळ्या-पांढऱ्या चौकटी, एकूण १६. म्हणजे जहाजांच्या संदेशसंहितेतला ‘एन’ अक्षराचा बावटा. याच्या खाली ‘सी’ चढवला की जहाज संकटात आहे, मदत हवी. गळून पडलेला एक धागा जाळून पाहिला. केस जळल्यासारखा वास आला, लोकरच. नायलॉन असता तर वितळून टणक मणी झाला असता. १८५७च्या ब्रिटिश संदेशसंहितेत १८च बावटे होते आणि स्वर मुद्दाम वगळले होते, नाहीतर अक्षरं जुळून भलतेसलते शब्द झाले असते! ‘एन’ व्यंजन असल्यामुळे काळ ठरवायला या गोष्टीचा उपयोग नाही. कडेच्या पट्टीवरचा शिक्का भिंगाखाली धरला, पण पुसट आहे.

दुपारी ३
पडदे ओढलेले. उन्हानं रंग उडतो.

संध्याकाळी ५
कापूस विकून परतलेले शेजारचे काका डोकावले. “आपल्या कापसाचे का नाही करत हे?” कापसाच्या जिल्ह्यात हा प्रश्न येणारच. विरळ विणीची लोकर हलकी, मंद वाऱ्यावरही पसरते, असं सांगून एक बावटा पंख्यासमोर धरून दाखवला. त्यांना पटलं.

रात्री ९
नोंदवहीत माप, वीण, शिवण, डाग लिहिले. मग मुंबईला फोन. कुलाब्याच्या ‘तलवार’ या नौदलाच्या किनाऱ्यावरच्या केंद्रात ब्रिटिश काळात नौसैनिकांना संदेशवहन शिकवत. तिथल्याच मुलांनी १८ फेब्रुवारी १९४६ला संप पुकारला, आणि जहाजांवरचे ब्रिटिश ध्वज उतरून काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्टांचे झेंडे चढले. त्या आठवड्यातलं काही कुणाच्या पेटीत आहे का, हे मी दर फोनला विचारतो. आजही विचारलं. व्यापारी म्हणाले, “बघतो, पण जहाजाचं नाव सांगा.” पाच नावं लिहून घ्यायला लावली.