हाडात रुजलेला दात

गांधीबागेच्या बाजारात हिंडताना पानठेल्यावर खर्रा घोटला जात असलेला दिसला नाही, असे सहसा होत नाही. सुपारी, तंबाखू नि चुना पन्नीत घालून घोटलेला हा आमचा नागपुरी मेवा! कृत्रिम दंतरोपणाशी त्याचा संबंध काय, ते पुढे येईलच.

पडलेल्या दाताच्या जागी दुसरा रोवावा, ही हौस फार जुनी. होंडुरास देशात १९३१ साली इ. स. ६०० च्या सुमाराचा एक माया जबडा सापडला; त्यात पुढच्या तीन दातांच्या जागी शिंपल्याचे तुकडे घडवून बसविलेले होते. पुढे सोन्यासारखे धातूही वापरून झाले. परंतु परकी वस्तू हाडाला सहसा मानवत नाही. तिच्याभोवती मऊ तंतूंचे वेष्टन तयार होते आणि दात डुगडुगू लागतो.

ही कोंडी अपघातानेच फुटली. १९५२ च्या सुमारास स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क हे संशोधक सशाच्या पायाच्या हाडातील रक्ताभिसरण पाहत होते. त्यासाठी हाडात टायटॅनियमची बारीक नळी बसविली होती. काम आटोपल्यावर ती निघेना. हाड धातूला घट्ट धरून बसले होते. दुसरा एखादा नळी वाया गेली म्हणून चरफडला असता. यांनी मात्र त्यावरच पुढचे आयुष्य वेचले. १९६५ साली गोस्टा लार्सन या गृहस्थांच्या खालच्या जबड्यात त्यांनी असे चार खुंट रोवले. लार्सन २००६ साली वारले, तोवर ते खुंट शाबूत होते. तरीही दंतवैद्यांच्या जगाने १९८२ च्या टोरांटो परिषदेपर्यंत या कामाकडे संशयानेच पाहिले.

कवळी हिरडीवर नुसती टेकते. दात गेला की खालचे हाड झिजत जाते, म्हणून आजोबांची कवळी दर काही वर्षांनी सैल होते. खुंट चावण्याचा भार थेट हाडाला देतो, त्यामुळे झीज कमी होते. मात्र हाड जुळून यायला बहुधा तीन ते सहा महिने लागतात.

आता खर्रा. तंबाखूने रक्तपुरवठा घटतो, जखम रेंगाळते. सुपारीचे काम त्याहून वाईट. गालाची आतली त्वचा ताठ होत जाते आणि तोंड पुरते उघडेनासे होते. मग हाड कितीही चांगले असो, खुंट बसविण्याचे हत्यार आत शिरणार कसे? एकदा आलेला हा ताठरपणा पूर्णपणे जात नाही. शिवाय पुढे कर्करोगाचे भय असतेच.

घरी गेल्यावर आपली तीन बोटे एकावर एक धरून वरच्या-खालच्या दातांमध्ये घालून पाहावीत. शिरली नाहीत, तर मेडिकलच्या आवारातील शासकीय दंत महाविद्यालय फार दूर नाही.