धुके, गारपीट आणि गाडीचा विमा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मराठवाड्यात बर्फ पडत नसला, तरी हिवाळा वाहनांसाठी निर्धोक नसतो. जालना जिल्ह्यातील कुंभार पिंपळगावच्या परिसरात थंडीच्या दिवसांत पहाटे धुके उतरते, त्याच सुमारास उसाचा गाळप हंगाम ऐन भरात असतो, आणि थंडी ओसरता ओसरता गारपिटीचे सावट येते. 2014 आणि 2018 या दोन्ही वर्षी जिल्ह्याने गारपीट सोसली आहे.

गारपीट हा निसर्गाचा कोप असल्याने तिची भरपाई विम्यातून मिळत नाही, ही समजूत चुकीची आहे. पॅकेज पॉलिसीत, म्हणजे लोक ज्याला ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतात त्यात, पूर, वादळ, वीज, भूस्खलन यांबरोबर गारपीट आणि दंव यांचाही नावानिशी उल्लेख असतो. मात्र मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 146 नुसार सक्तीचा असलेला विमा फक्त तृतीय पक्षाचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या जिवाला वा मालमत्तेला पोहोचणाऱ्या हानीचा असतो. ज्याच्याकडे एवढाच विमा आहे, त्याच्या गाडीचे छत गारांनी खड्ड्याखड्ड्यांचे झाले, तरी त्याला काहीही मिळत नाही.

‘फुल’ या शब्दामुळे सगळा खर्च मिळेल, असा दुसरा गैरसमज होतो. प्रत्येक दाव्यातून घसारा, म्हणजे वापरामुळे भागाच्या किमतीत झालेली घट, वजा केला जातो. काचेला घसारा लागत नाही, प्लास्टिक आणि रबराच्या भागांना तो 50 टक्के लागतो, आणि पत्र्याचा घसारा गाडीच्या वयानुसार वाढतो. समजा, गारांनी समोरची काच फुटली आणि 8,000 रुपयांचा बंपर तडकला, तर काचेची किंमत पूर्ण, पण बंपरचे 4,000 रुपयेच धरले जातात. शिवाय 1,500 सीसीपर्यंतच्या मोटारीच्या दाव्यातून 1,000 रुपये मालकाला स्वतः सोसावे लागतात. जादा हप्ता भरून ‘झिरो डेप’ घेतले असल्यास घसाऱ्याची ही कपात टळते. दावा केला की पुढच्या नूतनीकरणावेळी मिळणारी ‘नो क्लेम बोनस’ची सवलत, जी 20 पासून 50 टक्क्यांपर्यंत चढत जाते, शून्यावर येते, म्हणून किरकोळ खड्ड्यांसाठी दावा न करणेच बहुधा शहाणपणाचे ठरते. थंडीत बॅटरी बसली किंवा गाडी सुरू झाली नाही, तर तो यांत्रिक वा विद्युत बिघाड मानला जातो आणि मूळ पॉलिसीत बसत नाही.

सर्वांत घातक गैरसमज धुक्याविषयी आहे. धुक्यात काही दिसलेच नाही, तेव्हा दोष कोणाचाच नाही, असे मानले जाते. प्रत्यक्षात अपघात भरपाईचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणापुढे धुके ही सबब सहसा टिकत नाही, कारण दिसत नसेल तर वेग कमी करणे हे चालकाचेच कर्तव्य आहे. मागचा दिवा आणि परावर्तक नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मोटार आदळली, तर दोन प्रश्न वेगवेगळे सोडवावे लागतात. मोटारीच्या दुरुस्तीचा खर्च पॅकेज पॉलिसीतून मिळतो, आणि परवाना वैध असेल व चालक नशेत नसेल, तर चूक कोणाची हे तेथे पाहिले जात नाही. जखमी वा मृत चालकाच्या भरपाईत मात्र दोषाची वाटणी होते, आणि ट्रॉलीवाल्याचा निष्काळजीपणा सिद्ध झाला तरी चालकाच्या स्वतःच्या दोषाइतकी रक्कम कापली जाते. लग्नसराईत गाडी भरून निघणाऱ्या कुटुंबांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यायला हवी: खासगी मोटारीतील प्रवाशांना पॅकेज पॉलिसीचे संरक्षण असते, केवळ कायद्यापुरत्या पॉलिसीचे नसते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये स्पष्ट केले आहे. दुरुस्तीच्या खर्चापेक्षा हा फरक कितीतरी मोठा आहे, आणि हप्ता वाचवताना नेमका तोच नजरेआड होतो.

नुकसान झाल्यावर गाडी आधी गॅरेजला नेऊन मग कंपनीला कळवणे चूक आहे. आधी जागेवरची छायाचित्रे, मग सूचना, मग पाहणी आणि त्यानंतरच दुरुस्ती, हा क्रम पाळावा. कंपनीने लेखी तक्रारीनंतरही दावा नाकारला किंवा महिनाभर उत्तरच दिले नाही, तर जालना जिल्ह्यातील विमाधारकाला पुण्याच्या विमा लोकपालाकडे वर्षभराच्या आत दाद मागता येते. त्यासाठी शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही.