गेमिंग पीसी विकायचाय? आधी एसएमपीएस बघा

गेमिंग पीसी असेंबल करून विकायचा विचार करताय? मग एसएमपीएसवर तडजोड नाही, हे आधीच ठरवा. गिऱ्हाईक ग्राफिक्स कार्डचं नाव विचारतं, कॅबिनेटचे रंगीत लाइट बघतं आणि बजेट वाढलं की म्हणतं, "दादा, एसएमपीएस साधाच टाका ना." आरटीएक्स ४०६० कार्ड ११५ वॅट खातं, पण कंपनी अख्ख्या मशीनसाठी ५५० वॅटचा सप्लाय सुचवते. बिननावाच्या डब्यावर छापलेले वॅट खरे असतीलच असं नाही. तो उडाला तर बोर्ड, कार्डही सोबत जाऊ शकतं, आणि फोन तुम्हालाच येणार! त्यापेक्षा लाइट कमी करा.

रॅमचंही बघा. एएम५ बोर्डात डीडीआर४ बसतच नाही. १६ जीबी द्यायची तर ८-८ च्या दोन स्टिक द्या, स्पीड चांगला मिळतो.

लॅमिंग्टन रोडवरून माल उचलताना १८ टक्के जीएसटी जड वाटतो, मान्य. तरी पक्कं बिलच घ्या. कच्च्यात घेतलेलं कार्ड बंद पडलं आणि वॉरंटीला बिल मागितलं, तर भरपाई तुमच्या खिशातून. गिऱ्हाइकाच्या बिलावर प्रत्येक पार्टचा सिरीयल नंबर लिहा. डब्यांचे फोटोही काढून ठेवा.