हवामानाच्या नोंदी खंडल्या तर नुकसान शेतकऱ्याचे

विदर्भातील शेती प्रामुख्याने पावसावर अवलंबून आहे. सोयाबीनची पेरणी, कपाशीची डोबणी, धानाची रोवणी, हरभऱ्याची पेरणी ही सर्व कामे पाऊस व जमिनीतील ओल पाहूनच करावी लागतात. भिवापूर तालुक्यात त्यात मिरचीची भर पडते. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. परंतु तोडलेली लाल मिरची वाळत पडलेली असताना माघ-फाल्गुनात आभाळ भरून आले, तर मानांकन कामाला येत नाही. एक जोराची सर आली तरी मिरची भिजते, काळी पडते, तिला बुरशी लागते आणि भाव उतरतो. अशा वेळी दोन दिवस आधी मिळालेली सूचना ही एखाद्या फवारणीपेक्षा मोलाची ठरते.

ही सूचना आपल्यापर्यंत येते कोठून? ती तयार करणाऱ्या यंत्रणेला पैसा कोण देतो? तो पैसा तोडला, किंवा शास्त्रज्ञांनी काय सांगावे व काय सांगू नये हे दुसऱ्याच कोणी ठरविले, तर आपल्या शेतावर काय परिणाम होतो? हे प्रश्न शहरातील वाटतात, पण ते आपले आहेत. म्हणून या लेखात त्यांचा विचार केला आहे.

अंदाज कसा तयार होतो?

हवामानाचा अंदाज म्हणजे पंचांग नव्हे. आज हवेची स्थिती काय आहे हे जगभर मोजले जाते. त्या मोजमापावरून मोठ्या संगणकावर पुढील स्थितीचे गणित मांडले जाते. मोजमाप अनेक ठिकाणी चालते. नागपूरला सोनेगाव येथून वायूने भरलेला फुगा यंत्रासह आकाशात सोडतात. तो वरच्या हवेचे तापमान, आर्द्रता व वारा कळवितो. रडार ढगांचा वेध घेते. उपग्रह वरून पाहतात. समुद्रात नांगरून ठेवलेली तरंगती यंत्रे, ज्यांना बोया म्हणतात, ती पाण्याचे तापमान कळवितात. या शिवाय गावोगावची पर्जन्यमापके आहेत.

यांतील एकही देश आपल्यापुरते मोजून भागत नाही. भिवापूरवरचा ढग हा अरबी समुद्र, बंगालचा उपसागर आणि दूरच्या प्रशांत महासागराशी जोडलेला आहे. त्यामुळे दुसऱ्या देशात मोजमाप थांबले तरी त्याची झळ आपल्या अंदाजाला बसू शकते.

याचे एक उदाहरण सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. प्रशांत महासागराच्या विषुववृत्तीय भागातील पाणी नेहमीपेक्षा तापते, त्या स्थितीला एल निनो म्हणतात. अशा अनेक वर्षी आपल्याकडे मॉन्सून कमकुवत राहतो. १९८२-८३ चा मोठा एल निनो शास्त्रज्ञांना वेळेत ओळखता आला नाही, कारण समुद्रात पुरेशी यंत्रे नव्हती. या अनुभवानंतर अमेरिका, जपान आदी देशांनी मिळून सुमारे ७० बोयांची रांग उभी केली. ती १९९४ साली पूर्ण झाली. पुढे अमेरिकेत खर्चात कपात झाली. या बोयांची देखभाल करणारे जहाज २०१२ साली सेवेतून काढण्यात आले. समुद्रातील यंत्र दुरुस्तीविना टिकत नाही. २०१४ च्या सुरुवातीस या यंत्रांकडून मिळणारी माहिती अपेक्षेच्या सुमारे ४० टक्क्यांवर आली.

तेव्हा शास्त्रज्ञ गप्प बसले नाहीत. किती यंत्रे बंद पडली व किती माहिती हुकली, याचे आकडे त्यांनी उघडपणे मांडले. त्यानंतर दुरुस्तीच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या व २०१४ अखेर बहुतेक माहिती परत मिळू लागली. आपल्या देशात २०१४ साली सरासरीच्या ८८ टक्के व २०१५ साली ८६ टक्के मॉन्सून पाऊस झाला, म्हणजे सलग दोन वर्षे तुटीची गेली. बोया बंद पडल्यामुळे पाऊस कमी झाला असे नव्हे. परंतु ज्या समुद्राकडे सर्वात जास्त लक्ष द्यायचे, तिकडेच डोळा मिटलेला होता, हे खरे.

जिल्ह्यातील सल्ला केंद्रांचे काय झाले?

आता आपल्या देशाकडे वळू. शेतीसाठी हवामानशास्त्र ही कल्पना महाराष्ट्रात जुनी आहे. पुण्यात १९३२ साली डॉ. एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली कृषि हवामान विभाग सुरू झाला. १९४५ पासून शेतकऱ्यांसाठी हवामान वार्ता देण्यास आरंभ झाला. पुढे कृषि विद्यापीठांच्या सहकार्याने देशभर सुमारे १३० कृषि हवामान केंद्रे उभी राहिली. एकेका केंद्राकडे अनेक जिल्हे असल्यामुळे सल्ला मोघम राहत असे. म्हणून २०१८ पासून कृषि विज्ञान केंद्रांमध्ये जिल्हा कृषि हवामान केंद्रे काढण्यात आली. अशी १९९ केंद्रे देशात सुरू झाली. तेथे कृषि हवामानाचा एक विषयतज्ज्ञ व एक निरीक्षक असे. दर मंगळवारी व शुक्रवारी पुढील पाच दिवसांचा तालुकानिहाय अंदाज पाहून, उभे पीक कोणत्या अवस्थेत आहे हे जाणून, स्थानिक भाषेत सल्ला दिला जाई.

जानेवारी २०२४ मध्ये भारतीय हवामान खात्याने ही केंद्रे आर्थिक वर्ष संपताच, म्हणजे मार्चअखेर, बंद करण्याचे कळविले. निर्णय वरच्या पातळीवर खर्चाचा विचार करून झाला होता. त्या वर्षी वृत्तपत्रांतून पुढे आलेल्या सरकारी कागदपत्रांनुसार, माहिती आता यंत्रांकडून आपोआप मिळते, म्हणून जिल्ह्यात माणसे ठेवण्याची गरज नाही, असा मुद्दा नीती आयोगाच्या वतीने मांडला गेला होता. खाजगी क्षेत्राकडे हे काम देण्याचाही विचार त्यात होता. देशातील कृषि हवामान शास्त्रज्ञांच्या संघटनेने या निर्णयाविरुद्ध केंद्र सरकारला लिहिले. केंद्रांतील तज्ज्ञांचे म्हणणे असे की, यंत्र आकडा देते, सल्ला देत नाही.

हा मुद्दा नीट समजून घ्यावा. यंत्रे नकोत असे कोणी म्हणत नाही. महाराष्ट्रात महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्याचा महावेध प्रकल्प खाजगी कंपनीच्या सहभागाने झाला व त्याची सुरुवात २०१७ साली नागपूर जिल्ह्यातीलच डोंगरगाव येथून झाली. त्या नोंदींचा उपयोग पीक विम्यासाठीही होतो. परंतु समजा, यंत्राने सांगितले की शनिवारी ३० मिलिमीटर पाऊस पडेल. हाच पाऊस फुलोऱ्यातील सोयाबीनला वरदान ठरेल, कापून पडलेल्या सोयाबीनचे नुकसान करील आणि वाळत घातलेल्या मिरचीची माती करील. कोणत्या शेतकऱ्याला काय सांगायचे हे, तालुक्यातील पिके पाहिलेला माणूसच ठरवू शकतो. शिवाय सरकारी सल्ला लहान-मोठ्या सर्वांना सारखा व फुकट मिळतो. ज्याला पैसे भरणे परवडेल त्यालाच चांगला अंदाज, अशी वेळ कोरडवाहू शेतकऱ्यावर येऊ नये.

अंदाज चुकतो, मग खर्च कशाला?

असे विचारणारे शेतकरी भेटतात व त्यांचा राग समजण्यासारखा आहे. जुलै २०१७ मध्ये बीड जिल्ह्यातील आनंदगावच्या शेतकऱ्यांनी हवामान खात्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली होती. चांगल्या पावसाच्या अंदाजावर पेरणी केली, पाऊस दडी मारून बसला आणि बियाणे वाया गेले, अशी त्यांची व्यथा होती. दुबार पेरणीचा खर्च ज्याने सोसला आहे त्याला ही व्यथा सांगावी लागत नाही.

परंतु याचा उपाय काय? दवाखान्यात निदान चुकले म्हणून तपासणीची यंत्रे कोणी विकून टाकीत नाही. अंदाज चुकतो त्याचे एक मोठे कारण मोजमापाची ठिकाणे विरळ असणे हे आहे. ती कमी केल्यास चूक वाढेल, कमी होणार नाही. दुसरे असे की, अखिल भारतीय हंगामी अंदाज पाहून पेरणीचा दिवस ठरवायचा नसतो. त्यासाठी पाच दिवसांचा तालुक्याचा अंदाज व जमिनीतील ओल पाहावी लागते. हा फरक समजावून सांगणे हेच जिल्ह्यातील तज्ज्ञाचे काम.

खर्चाचा हिशेबही झालेला आहे. राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषदेने २०२० साली ११ राज्यांतील १२१ जिल्ह्यांत ३,९६५ शेतकऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ९८ टक्के शेतकऱ्यांनी हवामान सल्ल्यानुसार पेरणी, काढणी, सिंचन अशा नऊ बाबींपैकी निदान एकीत बदल केला होता. मॉन्सून संशोधन व संगणकांवर केलेल्या सुमारे १,००० कोटी रुपयांच्या गुंतवणुकीतून पाच वर्षांत सुमारे ५०,००० कोटी रुपयांचा लाभ होईल, असा या अहवालाचा अंदाज आहे.

दीर्घ नोंदींचे मोल

हवामान बदलते आहे हे आपण सारेच म्हणतो. पण ते सिद्ध कशावरून करायचे? पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील डॉ. रॉक्सी मॅथ्यू कोल व सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत भागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. हे कळले ते ६५ वर्षे रोज सकाळी कोणी तरी पर्जन्यमापक पाहिले म्हणून. बंद पडलेले पंप पुन्हा चालू करता येतात. न घेतलेली नोंद मात्र मागाहून घेता येत नाही.

म्हणूनच जगभर शास्त्रज्ञ यासाठी उभे राहत आहेत. अमेरिकेत २०२५ साली सरकारने हवामान व महासागर संस्थेतील शेकडो कर्मचारी कमी केले. मनुष्यबळाअभावी काही ठिकाणी फुगे सोडणे थांबवावे लागले. राष्ट्रीय हवामान बदल अहवालावर काम करणाऱ्या सुमारे ४०० तज्ज्ञांना एप्रिलमध्ये मुक्त करण्यात आले. त्यावर तेथील दोन मोठ्या वैज्ञानिक संस्थांनी हे संशोधन आपण प्रसिद्ध करू, असे जाहीर केले. हवामानशास्त्रज्ञांनी मे महिन्याच्या अखेरीस सलग १०० तास जनतेसमोर आपले काम समजावून सांगितले. आपल्याकडेही ९ ऑगस्ट २०१७ रोजी पुणे, मुंबईसह अनेक शहरांत वैज्ञानिक व विद्यार्थी रस्त्यावर आले होते. विज्ञानासाठी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ३ टक्के खर्च व्हावा, ही त्यांची एक मागणी होती.

सरकार कोणत्याही पक्षाचे असो, पैसा कोठे खर्चावा हे ठरविण्याचा त्याला अधिकार आहे. परंतु मोजलेला आकडा काय आहे, हे ठरविण्याचा अधिकार फक्त मोजमापाला आहे. शास्त्रज्ञ लढतात ते या भेदासाठी.

शेतकऱ्यांनी काय करावे?

१) गावात पर्जन्यमापक ठेवावे. ते नसल्यास सरळ उभ्या भिंतीचा, तळ सपाट असलेला डबा चालतो. झाड किंवा घराच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर, मोकळ्या जागी ठेवावा. रोज सकाळी साडेआठ वाजता साचलेले पाणी पट्टीने मोजून वहीत लिहावे व डबा रिकामा करावा. पाऊस नसल्यास शून्य लिहावे, जागा कोरी सोडू नये.

२) १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ हेक्टरवर १०,००० लिटर पाणी. हा हिशेब ध्यानात ठेवावा. सोयाबीनची पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल झाल्यावरच करावी.

३) मंगळवार व शुक्रवारचा कृषि हवामान सल्ला वाचण्याची सवय ठेवावी. मेघदूत या मोबाईल ॲपवरही तो मिळतो. पावसाचा इशारा असल्यास फवारणी व वरखताची मात्रा पुढे ढकलावी. वाळत घातलेली मिरची गोळा करून ताडपत्रीखाली झाकावी व पाऊस उघडताच पुन्हा पातळ पसरावी.

४) अंदाज खरा ठरला की चुकला, हे त्याच वहीत लिहावे. सल्ल्यामुळे किती खर्च वाचला किंवा नुकसान टळले, तेही लिहावे. केंद्र बंद करू नका, असे नुसते म्हणण्यापेक्षा अशी वही पुढे ठेवणे जास्त परिणामकारक होते.

५) आपल्या जिल्ह्यासाठी सल्ला सध्या कोणत्या केंद्राकडून तयार होतो, तेथे तज्ज्ञाची जागा भरलेली आहे का, मंडळातील यंत्र चालू आहे का, याची चौकशी कृषि विज्ञान केंद्रात व तालुका कृषि अधिकाऱ्यांकडे करावी. त्रुटी असल्यास ग्रामसभेत ठराव घ्यावा व तो लोकप्रतिनिधींकडे पाठवावा.

शेतकरी बंधू-भगिनींनो, शास्त्रज्ञाने मांडलेला आकडा व शेतकऱ्याने ठेवलेली वही एकाच ठिकाणी आली, तर ती बाजूला सारणे कोणालाही सोपे जात नाही. येत्या मृगापूर्वी अशी एक वही आपल्या घरी सुरू करावी.