घरातली जुनी फौजी रायफल



हिंजवडीच्या माळावर आज संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. पण जुन्या घराची आवराआवर करताना माळ्यावर आजोबांची रायफल निघाली, तर काय करायचे? जमिनीची वाटणी कशी करायची हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक असते. बंदुकीचे मात्र कुणी विचारीत नाही.

आधी ती ओळखा. लोक सरसकट ‘थ्री-नॉट-थ्री’ म्हणतात. ही ली-एनफील्ड रायफल. बोल्टची रचना जेम्स पॅरिस ली याची, आणि एनफील्ड हे लंडनजवळच्या कारखान्याचे गाव. १९०७ सालचा नमुना मराठा पलटणींनी दोन्ही महायुद्धांत वापरला. वजन सुमारे चार किलो, मॅगझिनमध्ये दहा काडतुसे. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यातही ती बनत असे.

आता गंमत पाहा. फौजेचे काडतूस रयतेच्या बंदुकीत चालू नये, अशी इंग्रज सरकारची धास्ती. म्हणून खाजगी माणसासाठी .३१५ बोअरची रायफल निघाली. सांगाडा बराचसा तोच, काडतूस वेगळे. आजही .३०३ बोअर प्रतिबंधित वर्गात मोडते आणि केंद्र सरकारच्या खास परवानगीवाचून ती बाळगता येत नाही. तेव्हा नळीवरचा शिक्का आणि परवान्यावरची नोंद ताडून पाहा. एकाचे काडतूस दुसरीत कधीही घालू नये. बसते असे वाटले तरी नाही!

हात लावण्यापूर्वी ती भरलेलीच आहे असे धरून चाला. तोंड निर्धोक दिशेला, बोट चापापासून दूर. मॅगझिन काढा, बोल्ट मागे ओढा, आणि नळीच्या मागच्या घरात नुसते पाहू नका, करंगळी घालून चाचपा.

जुन्या रायफलीचा खरा शत्रू गंज. याचे कारण शाळेत मुलांना सांगण्याजोगे आहे. जुन्या फौजी काडतुसाच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळाले की नळीत एक क्षार उरतो. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते ना, तसा तो हवेतला ओलावा ओढतो आणि पोलाद खातो. तेलात हा क्षार विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून शिपाई नळीत चक्क उकळते पाणी ओतीत, ती कोरडी करीत आणि मगच तेलाची चिंधी फिरवीत. दस्त्याच्या मागे पितळी झाकण असते. ते उघडून पाहा, तेलाची कुपी आणि चिंधी ओढायची दोरी तिथेच ठेवायची सोय आहे. रायफल कापडी गवसणीत गुंडाळून मात्र ठेवू नका, आत दमटपणा कोंडतो.

नेम चुकू लागला तर नळीला दोष देण्याआधी लाकूड पाहा. ओल धरून ते फुगले की नळीला दाबते. बोल्टवरचा आकडा आणि सांगाड्यावरचा आकडा एकच हवा. दुसरीचा बोल्ट बसवला असेल तर काडतुसाला मागून नीट आधार मिळत नाही. रिकाम्या पुंगळीवर बुडाशी चकचकीत कडे किंवा चीर दिसली, की थांबा. ती दुरुस्ती परवानाधारक कारागिराचीच. गावच्या लोहाराकडे नेणे धोक्याचे आहे आणि बेकायदाही.

चाप ओढला आणि बार उडाला नाही, तर घाईने बोल्ट उघडू नका. टोपी कधी उशिरा पेट घेते. तोंड त्याच दिशेला ठेवून निदान तीस सेकंद थांबा. आवाज फुसका आला तर दुसरा बार मुळीच नको. पहिली गोळी नळीत अडकलेली असू शकते.

आता कागदपत्रे. परवाना माणसाचा असतो, घराण्याचा नव्हे. आजोबा गेले की तो वारसाकडे आपोआप येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे रायफल विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी, पावती घ्यावी आणि मग वारसाने आपल्या नावे अर्ज करावा. हिंजवडीकरांनी तो पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाकडे करायचा. हे आयुक्तालय २०१८ साली सुरू झाले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे, आणि एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, वारशाच्या धरून. तिसरी असेल तर तीही जमा करावी लागते.