ट्रकचे लायसन्स आणि डॉक्टरची सही

"डॉक्टर, फक्त सही पाहिजे," म्हणत भिसेगावातला एक तरुण दवाखान्यात आला. ट्रकच्या लायसन्ससाठी नमुना १-अ हे वैद्यकीय प्रमाणपत्र आरटीओत द्यावे लागते. मी त्याला बसवून घेतले. २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का, लाल-हिरवा रंग ओळखू येतो का, रातांधळेपणा किंवा बहिरेपणा आहे का, सारे तपासले. सगळे ठीक होते. मग फॉर्माबाहेरचा प्रश्न विचारला, "झोप किती होते?" क्लीनर म्हणून फिरणारा तो पोरगा हसला, "मिळेल तेवढी."

वाचकहो, पहाटे दोन ते पाच शरीर झोप मागतेच. चहा-तंबाखूने ती थोडी लांबते, भागत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगात तीन सेकंदांची डुलकी म्हणजे ५० मीटर ट्रक चालकाविना! १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यातच दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती ठरली होती. पाळली किती, ते ढाब्यावर विचारा.

बोरघाट उतरताना तर पूर्ण जागे असावे लागते. डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नये, खालच्या गिअरातच उतरावे. सतत दाबलेला ब्रेक तापून पकड सोडतो. मधुमेहाची गोळी वा इन्सुलिन घेणाऱ्याने जेवण चुकवू नये, साखर उतरून भोवळ येते.

त्याच्या खिशात सर्दीच्या गोळ्यांची पट्टी दिसली. झोप आणणारीच होती. सही केली, पट्टी मात्र ठेवून घेतली.