उलटी थांबली, तगमग सुरू झाली

औषधांची दुसरी बाजू : लेखांक ७

दवाखाना सरकारी असो की खासगी, भरती झालेल्या माणसाच्या केसपेपरवर सलाईन आणि अँटिबायोटिकच्या खाली एक इंजेक्शन जवळपास ठरलेलं असतं. उलटीचं. कुणाला जुलाब-उलट्यांनी भरती केलेलं असतं, कुणाला ऑपरेशननंतर भुलीची मळमळ असते, कुणाची अर्धशिशी उठलेली असते, कुणाची केमो सुरू व्हायची असते. घरच्यांच्या लेखी त्या औषधाला नाव नसतं. "उलटीची सुई दिली" एवढंच ते सांगतात, आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतंही. मळमळ बसते, डोळा लागतो. काही जणांचं मात्र भलतंच होतं, आणि तेव्हा ते नाव माहीत नसणं अंगाशी येतं.

हे भलतं दोन तऱ्हांनी होतं. पहिली तऱ्हा बाहेरून फारशी दिसत नाही. सुई दिल्यावर काही मिनिटांत, कधी तासाभराने, पेशंटला पडून राहवेनासं होतं. उठून बसला तरी चैन नाही, उभा राहिला तरी नाही. पाय सारखे हलत राहतात. सलाईन उपटून पळत सुटावं असं वाटायला लागतं. दुखत कुठेच नसतं, त्यामुळे नेमकं सांगताही येत नाही. "मला कसंतरीच होतंय" यापलीकडे शब्द सापडत नाहीत, आणि रात्रपाळीच्या वॉर्डात या तक्रारीला "टेन्शन घेऊ नका, झोपा" हेच उत्तर मिळतं. मग पेशंट रडतो, घरी न्या म्हणून हट्ट धरतो. नातेवाईक वैतागतात आणि शेवटी डॉक्टरांचा सल्ला डावलून, कागदावर सही करून त्याला घेऊनही जातात. या तगमगीला वैद्यकात अकॅथिसिया म्हणतात.

दुसरी तऱ्हा सगळ्या वॉर्डाला दिसते. तालुक्याच्या रुग्णालयात रात्री काम केलेल्या कुणालाही विचारा, हे चित्र त्याच्या ओळखीचं असेल. कॉलेजातली मुलगी, दुपारी उलट्यांवर सुई घेऊन घरी गेलेली. रात्री जेवताना तिची जीभ जड होते, बोबडी वळते. मग जबडा एका बाजूला ओढला जातो, मान वाकडी होऊन तशीच अडकते, बुबुळं वर चढतात आणि खाली येईनात. शुद्ध मात्र पूर्ण असते. सगळं ऐकू येत असतं, समजत असतं. कॅज्युअल्टीत आणेपर्यंत कुणी फिट म्हटलेलं असतं, कुणी धनुर्वात, आणि एखाद्या मावशीने लिंबू उतरवून टाकलेलं असतं. डॉक्टर नवखा असेल तर मेंदूच्या स्कॅनची चिठ्ठीही लिहिली जाते. जाणता असेल तर पहिला प्रश्न विचारतो, "आज कुठलं इंजेक्शन, कुठल्या गोळ्या घेतल्या?" दुपारची चिठ्ठी कुणाच्या तरी खिशातून निघते. उताऱ्याचं इंजेक्शन जातं आणि दहा-पंधरा मिनिटांत मान सैल पडते, डोळे जागेवर येतात. मुलगी पाणी मागते. इतक्या भेसूर दिसणाऱ्या आणि इतक्या झटपट उतरणाऱ्या गोष्टी वैद्यकात थोड्याच असतील. हिचं नाव अक्यूट डिस्टोनिया.

दोन्हीमागचं कारण एकच. मेंदूच्या तळाशी, चौथ्या पोकळीच्या पृष्ठावर, रक्तातलं विष हुंगणारा एक छोटा भाग आहे. तिथे डोपामिन या रसायनाने खूण केली की उलटीचा हुकूम सुटतो. मेटोक्लोप्रमाइड (पेरिनॉर्म, रेगलान) आणि प्रोक्लोरपेराझिन (स्टेमेटिल) ही औषधं नेमकी तीच खूण अडवतात. पण डोपामिनचं दुसरंही एक मोठं काम मेंदूत चालतं, ते म्हणजे स्नायूंची हालचाल ताब्यात ठेवायचं. शिरेतून गेलेलं औषध पत्त्यावर पोचणाऱ्या टपालासारखं एकाच दारी थांबत नाही, ते दोन्हीकडे पोचतं. हालचालीच्या केंद्रात डोपामिन अडलं की तिथल्या ॲसिटिलकोलीन या दुसऱ्या रसायनाचा जोर वाढतो आणि स्नायू ओढले जातात. म्हणून ॲसिटिलकोलीनला आवर घालणारं औषध हाच डिस्टोनियाचा उतारा. आपल्याकडे त्यासाठी बहुधा प्रोमेथाझिन, म्हणजे फेनर्गन, वापरतात. तगमगीवर हा उतारा तितका हुकमी नाही. तिथे कधी गुंगीचं औषध द्यावं लागतं, कधी प्रोप्रॅनोलॉल. एरवी मूळ औषध अंगातून उतरलं की काही तासांत ती आपोआप ओसरते, क्वचित दुसऱ्या दिवसापर्यंत रेंगाळते.

तगमगीला "मनाचे खेळ" म्हणायची खोड वॉर्डातल्या सिस्टरची नाही, ती फार जुनी आहे. १९०१ साली प्रागच्या लाडिस्लाव्ह हाश्कोवेट्स या मज्जारोगतज्ज्ञाने, बसून राहूच न शकणाऱ्या दोन रुग्णांचं वर्णन पहिल्यांदा लिहिलं. त्यानेही कारण दिलं ते हिस्टेरिया आणि नसांच्या अशक्तपणाचं. ही औषधं तेव्हा जन्मालाही आली नव्हती, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही. आज दोष देता येतो. मानसिक आजारांवरच्या औषधांनी अशी तगमग होते हे गेल्या शतकाच्या मध्यापासून माहीत आहे, आणि मेटोक्लोप्रमाइडवरचे पहिले फ्रेंच लेख १९६४चे आहेत. इतकी वर्षं जुनी गोष्ट ऐकून घ्यायला वॉर्डात कुणाला सवड नसते, एवढाच त्याचा अर्थ.

तरीही या औषधांना खलनायक करू नका. १९८१मध्ये रिचर्ड ग्राला आणि सहकाऱ्यांनी मोठ्या डोसातलं मेटोक्लोप्रमाइड केमोच्या रुग्णांना देऊन पाहिलं. सिसप्लॅटिन हे केमोचं औषध तेव्हा इतकं ओकायला लावायचं की रुग्ण उपचारच नको म्हणायचे. त्या उलट्यांवर पहिल्यांदा काही चांगलं चाललं ते हे. १९९१मध्ये अमेरिकेत ऑन्डॅनसेट्रॉनला परवानगी मिळाली. आपल्याकडे एमसेट म्हणून मिळतं ते हेच. ते डोपामिनला हात लावत नाही, सेरोटोनिनची खूण अडवतं, त्यामुळे मान वाकडी होण्याची भीती जवळपास नाही. डोकं दुखतं, पोट साफ होत नाही. आणि मोठा डोस एकदम शिरेतून गेला तर हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून ३२ मिलिग्रॅमचा एकच मोठा डोस देण्याची पद्धत अमेरिकेत २०१२मध्ये बंद झाली. तेव्हा "मला एमसेटच द्या" असं फर्मान सोडणंही शहाणपणाचं नाही, विशेषतः ईसीजीत आधीच दोष असेल तर.

आता प्रत्यक्ष वेळ आली तर काय करायचं ते सांगतो. सिस्टरला "घाबरल्यासारखं होतंय" असं सांगू नका, कारण भीती म्हटलं की धीर मिळतो, औषध नाही. वेळ सांगा. "नऊ वाजता उलटीचं इंजेक्शन दिलं, सव्वानऊपासून पाय थांबत नाहीत, पडवत नाही. याच्या आधी असं कधी झालं नव्हतं. हे त्या औषधामुळे असेल का, डॉक्टरांना विचारता का?" पेशंटला बोलता येत नसेल तर सोबत बसलेल्याने हे बोलायचं. हा प्रश्न नीट विचारला गेला तर ड्यूटीवरचा डॉक्टर केसपेपर उलटून पाहतोच, असा माझा अनुभव आहे. आणि पुढचा डोस तोंडावर आला असेल तर तो घेण्याआधीच हे बोलून टाकायचं. त्याच औषधाचा दुसरा डोस म्हणजे आगीत तेल.

घरी आल्यावर मान किंवा जबडा ओढला गेला तर दवाखान्याची चिठ्ठी आणि गोळ्यांची पाकिटं घेऊन परत जा. हा त्रास सुई घेतल्यापासून दोन दिवसांतही उद्भवू शकतो. वळलेली मान दाबून सरळ करू नका, दातखिळीत चमचा घालू नका, नाकाला कांदा-चप्पल लावू नका आणि जबडा सुटेपर्यंत तोंडात पाणी घालू नका. घशाचे स्नायू आवळल्याने आवाज बदलला, श्वासाला घरघर लागली तर थांबायचं नाही, १०८ लावायचा. असं क्वचित होतं, पण झालं तर जिवावरचं असतं. उताऱ्याने बरं वाटल्यावर डॉक्टर दोन-तीन दिवसांच्या गोळ्या लिहून देतात, त्या मध्येच सोडू नका. उताऱ्याचा असर आधी संपतो आणि मान पुन्हा वळते.

हे सगळं किती जणांच्या वाट्याला येतं? अमेरिकेतल्या औषधपत्रकात मेटोक्लोप्रमाइडच्या नेहमीच्या डोसाला सुमारे ५०० जणांत एकाला डिस्टोनिया होतो असं लिहिलं आहे. मुलांमध्ये आणि तिशीच्या आतल्यांत हे प्रमाण जास्त. मूत्रपिंड कमजोर असेल तर औषध अंगात साचतं, डोस कमी करावा लागतो. पार्किन्सनच्या रुग्णांत मुळातच डोपामिन कमी असतं, त्यांना ही औषधं देऊच नयेत. घरात असा रुग्ण असेल तर भरती करतानाच हे बजावून सांगा, उलटी होण्याची वाट पाहू नका. युरोपच्या औषध नियामकाने २०१३मध्ये मेटोक्लोप्रमाइडला लगाम घातला. मोठ्यांना दिवसाला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही, पाच दिवसांपेक्षा जास्त नाही, वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नाही, आणि त्यापुढच्या मुलांना दुसरं औषध चाललं नाही तरच. आपल्याकडे चक्कर येते म्हणून स्टेमेटिल महिनोन्महिने मेडिकलमधून आणून खाणारे आजी-आजोबा मी कितीतरी पाहिले आहेत. चिठ्ठी तीन वर्षांपूर्वीची, दुकानदार ओळखीचा. या जातीची औषधं लांबली की ओठ-जीभ चाळवत राहण्याचा विकार जडतो आणि तो औषध थांबवल्यावरही जाईलच असं नाही. मेटोक्लोप्रमाइड बारा आठवड्यांपेक्षा जास्त चालवू नका असा ठळक इशारा अमेरिकेत २००९पासून छापला जातो.

सुई किती वेगाने दिली हेही इथे मोजावं लागतं. मेटोक्लोप्रमाइड शिरेतून द्यायचं तर किमान तीन मिनिटं घ्यायची असतात. पंधरा मिनिटांच्या ठिबकीतून दिलं तर तगमग कमी जणांना होते. एका सिस्टरकडे अख्खा वॉर्ड असताना तीन मिनिटं सुई धरून उभं राहायचं कुणी? तिला बोल लावण्यात अर्थ नाही. पण "सिस्टर, सावकाश द्या, मागच्या वेळी त्रास झाला होता" एवढं म्हणायला कुणाची बंदी नाही.

शिरेत जाताना आग होत असेल तर मात्र सहन करत बसू नका. ज्याला वर उतारा म्हटलं त्या प्रोमेथाझिनचीच ही दुसरी बाजू. २००० साली अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात डायना लेव्हिन या वादक बाईंना अर्धशिशीच्या मळमळीवर प्रोमेथाझिन शिरेतून दिलं. ते धमनीत शिरलं, हात सडला, आधी पंजा आणि मग कोपराखालचा हात कापावा लागला. वायेथ या कंपनीविरुद्धचा त्यांचा खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २००९मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी त्या जिंकल्या. त्याच वर्षी तिथल्या नियामकाने या औषधावर ठळक इशारा छापायला लावला. प्रोमेथाझिन देण्याचा बरा मार्ग म्हणजे स्नायूत खोल. शिरेतून देताना आग झाली तर तिथल्या तिथे ओरडायचं आणि सुई थांबवायला लावायची, भिडेखातर गप्प बसायचं नाही.

त्रास उतरल्यावर एक काम उरतं, आणि नेमकं तेच आपल्याकडे होत नाही. डिस्चार्ज कार्डावर आलेलं, झालेलं, बिल भरलेलं सगळं असतं, पण "या औषधाने हा त्रास झाला" ही ओळ नसते. मग दोन वर्षांनी, दुसऱ्या गावात, दुसरा डॉक्टर तेच इंजेक्शन लिहितो. निघण्यापूर्वी ती ओळ लिहून मागा. औषधाचं मूळ नाव, डोस, शिरेतून की स्नायूत, किती वेळाने काय झालं आणि कशाने उतरलं, एवढं त्यात हवं. तिचा फोटो फोनमध्ये ठेवा. शास्त्राच्या हिशेबाने ही ॲलर्जी नाही, पण फाइलवर ॲलर्जीचा रकाना असेल तर तिथे लाल शाईत लिहून घ्यायला हरकत नाही, कारण डॉक्टर वाचतात तो रकाना. मेटोक्लोप्रमाइडने त्रास झाला असेल तर प्रोक्लोरपेराझिन आणि हॅलोपेरिडॉलपासूनही जपायचं आहे, हे त्याच ओळीत यावं.

भारतात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी राष्ट्रीय योजना २०१०पासून चालू आहे. तिचं केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे आणि मुंबईच्या केईएमसह अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत तिची नोंदणी केंद्रं आहेत. ही नोंद म्हणजे डॉक्टरविरुद्धची तक्रार नव्हे. ती पेशंटला किंवा घरच्यांनाही करता येते, रुग्णांसाठीचा फॉर्म मराठीतही आहे, आणि कामाच्या दिवशी १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर फुकट फोन लावता येतो. तुमच्या घरी असं काही घडलं असेल तर हा फोन जरूर करा.

(पुढच्या आठवड्यात : स्कॅनच्या आधी शिरेतून देतात ते रंगद्रव्य)